बोर्डावरून सूप कोणी पुसलं?

प्रकरण १

आजचा पाव
भाजलेले बटाटे
—————————
अंडी, हवी तशी
सफरचंदाचा केक

सकाळी दाराशेजारच्या काळ्या बोर्डावर एवढंच होतं. तिसऱ्या ओळीची शिरोरेषा शाबूत होती आणि तिच्याखालची अक्षरं गेली होती. रेषेवर चार अनुस्वार उरले होते, तारेवर पाखरं बसावीत तसे. आदल्या संध्याकाळी तिथे ‘बाबांचं कांद्याचं सूप’ असं लिहिलेलं होतं.

“पुन्हा!” छोट्या म्हणाला.

छोट्या या खाणावळीचा मालक. वय चाळिशीच्या पुढे गेलेलं, पोट त्याच्याही पुढे गेलेलं, पण घरात पडलेलं नाव पडलं ते पडलंच. त्याने खिशातून खडू काढला, अक्षरं पुन्हा भरली आणि मागे सरकून बघितलं. रोज सकाळी हेच चाललं होतं. तो लिहायचा आणि कोणीतरी पुसायचं. बटाट्यांना हात नाही, अंड्यांना हात नाही, फक्त सूप. ज्या सुपासाठी लोक या दारात पहिल्यांदा आले तेच.

त्याने फोन लावला.

“आत्या, तू ये.”

“का रे? दादा बरा आहे ना?” पलीकडून आवाज आला.

“बाबा ठीक आहेत. बोर्ड ठीक नाही.”

सगळं ऐकून घेतल्यावर आत्या म्हणाली, “मग पोलिसात जा की.”

“जाऊन काय सांगू? अनुस्वार सोडून गेले, बाकी सगळं लंपास?”

आत्या हसली नाही. “अनुस्वार सोडून गेले?” तिने विचारलं. “थांब. कोणाला हात लावू देऊ नकोस.”

पण छोट्याने अक्षरं भरून टाकली होती.

प्रकरण २

आत्याने सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत काढली, तीही तक्रारींच्या खिडकीमागे. नळाला पाणी नाही, पाणी गढूळ आहे, शेजाऱ्याला आहे आणि आम्हाला नाही. निवृत्त होऊन बरेच दिवस झाले तरी समोरचा बोलायला लागला की तिची मान आपोआप खिडकीत झुकल्यासारखी पुढे यायची.

ती बिस्किटांचा डबा घेऊन आली आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. छोट्याने तिच्यापुढे संशयितांची रांग उभी केली.

“समोरचा बेकरीवाला. शंभर टक्के तोच. मी दुसरी शाखा काढणार हे त्याला खुपतंय. नाहीतर आपला लांब्या. वेटर आहे, त्याला पगार वाढवून हवाय, बोलत नाही पण तोंड फुगलेलं असतं. आणि राग मानू नकोस, पण माझी बायको. तिला शाखा नकोच आहे.”

“आणि सूपच चांगलं नसेल तर? एखाद्या गिऱ्हाइकाने रागाने पुसलं असेल?”

“छे!” छोट्या उठला, भिंतीवरची लाकडी पेटी खिळ्यावरून काढून घेऊन आला. तिच्यावर ‘तक्रार असल्यास मोकळेपणाने लिहा’ असं वळणदार अक्षरात होतं. त्याने ती टेबलावर उलटी केली. एक चॉकलेटचा कागद पडला आणि शर्टाचं एक बटण. “बघ. एक तक्रार नाही. मी मुद्दाम लावली ही पेटी. लोकांना चालतंय, आत्या.”

“चालतंय?”

“म्हणजे काय?”

“आवडतंय नाही म्हणालास. चालतंय म्हणालास.”

छोट्याने टेबलावरचे चमचे सरळ करायला घेतले. ते सरळच होते.

“आमच्या कचेरीत एखाद्या गल्लीतून तक्रारी यायच्या बंद झाल्या की साहेब खूश व्हायचे,” आत्या म्हणाली, “आणि मी तिकडे माणूस पाठवायचे. पाणी आलं की तक्रार थांबते. लोक घर सोडून गेले तरी थांबते. खिडकीतून दोन्ही सारखंच दिसतं.”

छोट्या काही बोलणार तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून हाक आली. “लांब्या, ते वरचं मोठं वाडगं काढ रे. माझा खांदा ऐकत नाही.”

बाबा बाहेर आले ते हातात वाफाळतं वाडगं घेऊन. एका मोठ्या तापातून ते नुकतेच उठले होते. सदरा अंगाला मोठा झाला होता. त्यांनी वाडगं बहिणीपुढे ठेवलं आणि समोर बसून तिचा डबा उघडला.

“बारीक झालीस.”

“तू आरशात बघितलंस का?”

“बघत नाही. भीती वाटते.” बाबांनी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला आणि कपाळाला आठी घातली. “पिशवीत साबण आहे का गं तुझ्या?”

आत्याने पिशवी चाचपली. अंघोळीचा साबण निघाला. दोघं लहानपणी हसायचे तशी हसली.

मग तिने सूप चाखलं. बाबा वाडग्याकडे बघत नव्हते, तिच्या तोंडाकडे बघत होते.

“कसं आहे?”

“छान आहे, दादा.”

“मीठ?”

“बरोबर.”

“नाही, विचारलं आपलं.” बाबांनी मान हलवली, डॉक्टरांचं बोलणं ऐकून माणूस हलवतो तशी, आणि ते आत गेले.

आत्या चमचा धरून बसून राहिली. दादाने कोणाला मिठाचं विचारलेलं तिला आठवत नव्हतं. त्याच्या सुपात मीठ किती ते तो सांगायचा, विचारायचा नाही.

प्रकरण ३

(दुपारची वेळ, गल्ल्यापाशी. सूनबाई सुटे पैसे परत देते आहे. आत्या शेजारच्या खुर्चीवर वर्तमानपत्रामागे.)

— हे घ्या. आणि काय हो, बाबा बरे आहेत ना?

— हो, बरे आहेत.

— काळजी घ्या त्यांची.

— छान होतं जेवण. चला. बाबांना बरं आहे ना आता?

— हो हो.

— फार ओढलेत हो ते तापाने.

— ही शिलाईवाली मावशी बघा आत्या, कधीपासूनची येतेय. काय मावशी, सूप झालं?

— झालं, झालं. आज भूक नव्हती गं फारशी. बाबा… बरे आहेत ना?

— ठणठणीत!

— हो का. बरं, बरं.

— पोस्टमन काका, आज सूप नाही घेतलंत?

— आज अंडी खावीशी वाटली. बाबा काय म्हणतायत? बरे आहेत ना?

— मजेत आहेत.

— त्यांना म्हणावं, जरा आराम करा आता.

गर्दी ओसरल्यावर सूनबाईने गल्ला बंद केला. “बघितलंत आत्या? लोकांची किती माया आहे बाबांवर.”

“ताप यायच्या आधीही विचारायचे?”

सूनबाईने हातातला किल्ल्यांचा जुडगा तसाच धरून ठेवला. “नाही,” ती म्हणाली. “आधी नाही विचारायचे. आधी म्हणायचे, बाबांना सांगा, आज कमाल केली.”

प्रकरण ४

—————————

(हे प्रकरण इथेच यायला हवं होतं. ते ज्याने सांगायचं, तो माणूस अजून तयार नाही.)

प्रकरण ५

(प्रश्न आत्याचे. इथे फक्त उत्तरं.)

बेकरीवाला, पिठाचे हात झटकत:

“मी? मी पुसतो? अहो बाई, मी वेडा आहे का? त्यांचं सूप खपलं की माझा पाव खपतो. माणसं वाडगं पुसून पुसून खायची, आणखी पाव मागवायची. दोनदोनदा पोऱ्या धाडायचे माझ्याकडे.

“हल्ली? हल्ली नाही धाडत. सकाळचाच पुरतो म्हणतात. मी विचारलं नाही. कोणाच्या धंद्यात नाक खुपसायची सवय नाही आपल्याला.

“खाल्लं ना, परवाच खाल्लं.

“…छान होतं.

“अहो, असं बघू नका माझ्याकडे. शेजारी आहेत. म्हातारा माणूस आहे. काय सांगायचं?”

लांब्या, दाराच्या चौकटीला डोकं लागू नये म्हणून वाकून:

“आत्याबाई, मी पगारासाठी तोंड फुगवतो हे कबूल. बोर्डाला मी हात नाही लावला.

“सूप कमी का जातं ते मला माहीत नाही.

“बरं, माहीत आहे. मीच सांगतो लोकांना, आज बटाटे घ्या, आज अंडी मस्त आहेत.

“कारण एकदा एकाने चमचा खाली ठेवला आणि मला बोलावलं. म्हणाला, हे काय आहे? बाबा आतून बघत होते. मी म्हटलं, साहेब, जरा सांभाळून घ्या, आजारातून उठलेत, वय झालंय, त्यांच्या कानावर नको जायला. तो बिचारा लगेच म्हणाला, अरे अरे, नाही नाही, छान आहे. आणि सगळं संपवलं. मला त्याच्याकडे बघवेना. तेव्हापासून कोणी काही म्हणायच्या आतच मी सांगून टाकतो.

“मालकांना? मालकांना कसं सांगू, तुमच्या वडिलांचा हात गेला म्हणून?”

सूनबाई, किल्ल्यांचा जुडगा गल्ल्यावर ठेवून:

“मला शाखा नको आहे, हे खरं. पण मी बोर्ड कशाला पुसू? मला काय नको आहे ते मी तोंडावर सांगते, विचारा त्यांना.

“चाखलं होतं. मला वाटलं, तापाने बाबांची चव गेली असेल. येईल हळूहळू.

“नाही, यांच्याशी नाही बोलले. बाबांचा विषय आहे ना.

“तुम्हाला म्हणून सांगते. काल बाबा म्हणाले, महिनाअखेर मी थांबतो. आता मी स्वयंपाकघरात यायचा नाही. मला खिडकीपाशी रुमालांच्या घड्या घालायला बसव. मी म्हटलं, असं काय बोलता? तर म्हणाले, छोट्याला सांगू नकोस, त्याला वाईट वाटेल.”

प्रकरण ६

आत्या मोरीपाशी गेली. सुपाची वाडगी एकावर एक रचलेली होती. प्रत्येकात तळाशी थोडं सूप उरलेलं. काठाच्या खाली पांढुरकी साय धरली होती. तिने बोटाने ती खरवडली. बोटं एकमेकांवर घासली तर मेणासारखं लागलं. गरम पाणी सोडलं तरी हटेना.

स्वयंपाकघरात बाबा कांदे परतत होते. शेगडीपाशी स्टीलचा एक मोठा मग होता, त्यात पिवळं वितळलेलं काहीतरी.

“हे लोणी तू वितळवतोस, दादा?”

“नाही गं. शीतपेटी खाली तळघरात. मला जिना झेपत नाही आता. छोट्याच खाली वितळवून हा मग वर आणतो. ताप आला होता तेव्हापासून. गुणी आहे पोरगा, मला उठू देत नाही.”

बाबांचा चाखायचा चमचा शेगडीवरच्या खिळ्याला लटकत होता. कोरडा. आत्याच्या डोळ्यांपुढे तो कायम त्यांच्या खिशातला, कायम ओला.

ती तळघराच्या जिन्याकडे वळली. पहिल्या पायरीवर छोट्या उभा होता.

“खाली कुठे? खाली गारठा आहे, आत्या. तुझे गुडघे धरतील.”

“माझ्या गुडघ्यांची तक्रार नाही,” आत्या म्हणाली. “तू का धरून उभा आहेस कठड्याला?”

प्रकरण ७

दुपारी खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवलेल्या होत्या. सरळ राहिलेल्या दोन खुर्च्यांवर आत्या आणि छोट्या. दार लोटलेलं.

“सापडला का कोणी?” छोट्याने विचारलं.

“सापडला. तुझं वाईट चिंतणारा कोणी नाही हे आधी सांगते. तसा असता तर त्याने सगळा बोर्ड फासला असता. याने अंड्यांच्या ओळीला साधं बोटही लागू दिलं नाही. ओळ पुसायची आहे, दुकान नाही. आणि लांब्या म्हणशील तर त्याच्या हाताला पहिले अनुस्वार लागले असते. हा हात शिरोरेषेपर्यंत गेला आणि थांबला. पुढे जाईना. सकाळी सगळ्यांच्या आधी इथे येणारा, फडकं हाताशी असणारा आणि खांदा वर न जाणारा माणूस या घरात कोण आहे?”

छोट्याने स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. आतून सुरीचा आवाज येत होता. टक टक टक.

“बाबा?” तो कुजबुजला. “स्वतःचंच सूप?”

“मलाही आधी कळेना. मग मीठ आठवलं. माझं सूप बरोबर आहे का, असं विचारत होता माझा भाऊ. मला! त्याला त्याचं सूप लागत नाही, छोट्या. तापातून उठला, चमचा तोंडात घातला आणि त्याला वाटलं, जीभ गेली. चाखायचंच सोडून दिलं त्याने. आणि तू रोज बोर्डावर त्याच्या नावाने सूप लिहितोस. नेहमीच्या माणसांना तो काय तोंड दाखवणार? निदान नवख्या माणसाने तरी मागू नये म्हणून पुसतो.”

“मग डॉक्टरांकडे—”

“पण माझं बिस्किट साबणाशेजारी होतं हे त्याला एका तुकड्यात कळलं.”

सुरीचा आवाज चालूच होता.

“ज्याची जीभ एवढी जागी आहे,” आत्या सावकाश म्हणाली, “त्याला स्वतःचं सूप लागत नसेल, तर बिघाड जिभेत नाही. सुपात आहे. मगात काय असतं, छोट्या?”

छोट्याने तोंड पुसलं. तोंडावर काही नव्हतं.

“मार्जरिन.”

मग तो भराभर बोलायला लागला, असं बोलायची बरेच दिवस तयारी केल्यासारखा. “लोणी किती महागलंय तुला माहीत नाही. बाबा आजारी होते, सूप मीच करत होतो, म्हटलं बघू तरी. लोण्याचा वास येतो त्याला. मी काही चोरून नाही, म्हणजे चोरूनच, पण मनाशी ठरवलं होतं, एक जरी माणूस बोलला तरी त्या क्षणी लोणी परत. म्हणून तर पेटी लावली! मी वाट बघितली, आत्या. रोज पेटी उघडून बघितली. कोणी काही बोललं नाही. मग मला वाटलं—”

“लोकांना चाललं.”

“हो.”

“बोलले रे. सगळे बोलले. मी वर्तमानपत्रामागे बसून ऐकलं. तुझ्या बायकोने पैसे परत देता देता ऐकलं. बाबा बरे आहेत ना? हीच ती तक्रार.”

छोट्याने भिंतीवरच्या पेटीकडे बघितलं.

“तुला वाटलं लोणी बदललं की लोक लोण्याबद्दल बोलतील. त्यांना लोणी कुठे दिसतं? त्यांना दिसतो दादा. बोर्डावर त्याचं नाव. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचा हात गेला. आता म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर कोण सांगणार, तुमचा हात गेला म्हणून? बेकरीवाला छान म्हणाला. लांब्याने एकाला गप्प केलं आणि बाकीच्यांना बटाट्यांकडे वळवलं. तुझी बायको तुझ्याशी बोलली नाही. आणि मी,” आत्याने क्षणभर खाली बघितलं, “मी जन्मभर तक्रारींच्या खिडकीत बसलेली बाई. तुझी पेटी बघून तुला शहाणपण शिकवलं, आणि पुढच्या घटकेला माझ्या भावाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, छान आहे, दादा. तुझ्या पेटीत माझीही चिठ्ठी नाही.”

बाहेरून कोणीतरी दारापर्यंत आलं, बोर्ड वाचला असावा, आणि पावलं पुढे गेली.

“लोकांना चाललं नाही, छोट्या. लोक चालले.”

छोट्या म्हणाला, “सांगायलाच हवं का? उद्यापासून लोणी आणतो. त्यांना आपोआप बरं लागेल. कोणाला काही कळायचं नाही.”

“आणि दादाला वाटेल, जीभ परत आली. मग ती पुन्हा कधी जाते याची तो रोज सकाळी वाट बघेल. महिनाअखेर तो थांबतोय, माहीत आहे तुला? तुझ्या बायकोकडे त्याने रुमालांच्या घड्या मागितल्यात.”

टक टक टक. मग सुरी थांबली.

“मी सांगू की तू?” आत्याने विचारलं.

प्रकरण ४

बाबा स्टुलावर बसून कांदे चिरत होते. छोट्या आत आला, त्याने दुसरी सुरी घेतली, दुसरं स्टूल ओढलं आणि एक कांदा सोलायला घेतला. त्यामुळे त्याच्या डोळ्यांत पाणी नक्की कशाने आलं ते दोघांनाही कळलं नाही.

“सोल जरा पातळ,” बाबा म्हणाले. “अर्धा कांदा कचऱ्यात चाललाय.”

“बाबा, मगात लोणी नसतं.”

बाबांनी सुरी खाली ठेवली नाही, चालवलीही नाही.

“मग?”

“मार्जरिन असतं. तुम्ही तापात होतात तेव्हापासून.”

शेगडीवर पातेल्याचं झाकण हलकेच थडथडत होतं. बाबा उठले. मगात बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं. मग खिळ्यावरचा चमचा काढला, सूप घेतलं, फुंकर घातली, चाखलं. पुन्हा चाखलं. छोट्या त्यांच्या पाठीकडे बघत होता. सदऱ्यात पाठ कुठे आहे ते शोधावं लागत होतं.

“म्हणजे,” बाबा म्हणाले, “माझी जीभ शाबूत आहे?”

“हो बाबा.”

बाबा हसले. चमचा हातात धरून, ओठांना बोटं लावून, लहान मुलाला पडलेला दात परत मिळाला असता तर ते जसं हसलं असतं तसं. छोट्याला आधी वाटलं, सुटलो. मग ते हसू संपलं आणि त्याला समजलं की रागावले असते तर फार बरं झालं असतं.

“मी डॉक्टरकडे गेलो होतो,” बाबा म्हणाले. “एकटाच. तुम्हाला भाजीला जातो सांगून. त्यांनी जीभ बघितली. म्हणाले, आजोबा, वय झालं, थोडं कमीजास्त व्हायचंच. मी येताना भाजी घ्यायला विसरलो.”

“बाबा—”

“तू रोज मला विचारायचास, कसं झालंय? मी म्हणायचो, छान. आठवतंय?”

छोट्याला आठवत होतं. ते ‘छान’ त्याने सगळ्यात पहिल्यांदा जमेस धरलं होतं.

“मला वाटायचं मी तुला खोटं सांगतोय. मला लाज वाटायची, तुझ्यापुढे.” बाबांनी चमचा खिशात ठेवला. “तुझ्यापुढे, छोट्या.”

छोट्याने सोललेला कांदा दोन्ही हातांत धरला होता. तो कुठे ठेवावा ते त्याला कळत नव्हतं.

“गल्ल्यावर रोज सगळे विचारायचे, बाबा बरे आहेत ना, आणि आम्हाला कळलंच नाही. मी हे ओतून देतो,” तो म्हणाला. “आत्ता जाऊन लोणी आणतो. उद्यापासून—”

“लोणी लांब्या आणेल.” बाबांनी पातेल्याखालची शेगडी बंद केली. “तू ऊठ. इतक्या लोकांनी विचारलं म्हणतोस ना? मला घरात कोणी सांगितलंही नाही. त्यांना उत्तर देऊन ये.”

“काय सांगू?”

“जे विचारलं त्याचंच. बाबा बरे आहेत, म्हण. पुढचं त्यांना कळेल.”

“सगळ्यांना?”

“जे विचारून गेले त्यांना. आणि जे काहीच न विचारता यायचे बंद झाले,” बाबा म्हणाले, “त्यांच्याकडे आधी.”

प्रकरण ८

बोर्डावरची तिसरी ओळ छोट्याने जाताना स्वतःच पुसली. शिरोरेषेसकट, अनुस्वारांसकट.

यायचे बंद झालेल्या पहिल्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या घरातल्या माणसाने ऐकून घेतलं आणि “असं होय” एवढंच म्हटलं. तिसरं दार शिलाईवाल्या मावशीचं. ती अजून यायची, पण भूक नसल्याचं सांगून वाडगं अर्धं टाकायची. छोट्याने बेल वाजवली. मावशीने दार उघडलं तेव्हा तिच्या गळ्यात टेप होती आणि ओठांत टाचण्या.

“बाबा बरे आहेत,” छोट्या म्हणाला.

मावशीने टाचण्या एकेक करून काढल्या. “अं?”

“तुम्ही विचारत होतात. बाबा बरे आहेत. तेव्हाही बरेच होते.”

“बरेच होते?”

“हो.”

“हातही? जीभही?”

“सगळं.”

शिवणयंत्रावर एक बाही अर्धी जोडून पडली होती. जिन्यात कोणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता.

“मग ते सूप?”

छोट्याला बाबांनी फक्त तीन शब्द दिले होते. ते संपले होते.

“ते बाबांचं नव्हतं,” तो म्हणाला. “लोणी मी बदललं. नाव त्यांचं ठेवलं.”

मावशी चौकटीला टेकली. “मी घरी येऊन रडले होते रे,” ती म्हणाली. “माझ्या बहिणीला फोन करून म्हटलं, त्यांचा हात गेला गं, आता आपलीही पाळी. वाडगं टाकताना ते दिसू नये म्हणून मी पाव वर ठेवायचे. आणि ते आतून बघायचे.” तिने टेप गळ्यातून काढली, बोटांभोवती गुंडाळली. “मी त्यांच्याशी केवढं खोटं बोलले.”

“ते माझ्यामुळे.”

“हो, तुझ्यामुळे. पण तोंड माझं होतं.”

छोट्या मान खाली घालून उभा होता. तिने काहीतरी बोलावं, ओरडावं, जिन्यातल्या माणसांना ऐकू जाईल असं काहीतरी म्हणावं, याची तो वाट बघत होता.

मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं, कापड बेतायच्या आधी बघतात तसं.

“येऊन सांगितलंस,” ती म्हणाली. “छान.”

आणि दार लागलं.

छोट्या जिना उतरायला लागला. पुढचं घर पोस्टमन काकांचं, मागच्या गल्लीत. तीन-चार पायऱ्या उतरून तो थांबला. कठडा धरून उभा राहिला. वर रेडिओ चालू होता. दारामागे शिवणयंत्र सुरू झालं नव्हतं.

तो पुन्हा वर गेला आणि त्याने बेल वाजवली. मावशीने दार उघडलं. तिचे डोळे ओले होते.

“मावशी,” छोट्या म्हणाला, “छान म्हणजे काय?”